तांदळाच्या भाकरीत कणीक

काळाचौकी,
५ जून १९८२

गुणवंती,

तुझं कार्ड मिळालं. आशीर्वाद आहेत असं समज, वेगळे लिहायला जागा घालवत नाही.

मावशीकडे मजेत आहेस म्हणतेस. असणारच. इथे मिलचा संप जानेवारीत जो सुरू झाला तो मिटायचं नाव नाही. तुझे भावजी दिवसभर गॅलरीत बसून विड्या ओढतात आणि मिल कधी उघडणार ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांना विचारलंय कोणी? खानावळीत दोन-दोन पंगती उठायच्या, आता चार टाळकी येतात. बाकीचे गडी आपापल्या गावी पळाले. तुला कोकणात धाडलं ते हवापालटाला नव्हे, एवढं लक्षात ठेव. इथलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून धाडलं.

आणि तू मला काय कळवतेस? 'अक्का, इथे आल्यापासून पाळीच्या आधी मला काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, रडू येत नाही, बोटं सुजत नाहीत. मावशी म्हणते, गव्हाचं बंद झालं म्हणून असेल.' जळ्ळं मेलं तुझं डोकं ते! 'हिका गहू सोसणा नाय' म्हणे. मावशीला दोन म्हशींपलीकडे काय कळतं? तिने जन्मात कधी धड चपाती खाल्ली नाही आणि निघाली गव्हाला नावं ठेवायला.

बरं वाटतंय कारण काम नाही. उठायचं, पेज प्यायची, बांधावरून फिरायचं. मला असं ठेवा, मलाही बरं वाटेल.

तू इथे काय करायचीस ते मी विसरले नाही हो. पाळीच्या आधी आठवडाभर पोट टम्म, हात सुजलेले, डोक्याला फडकं बांधून बसायचीस आणि कोणी 'मीठ वाढ' म्हटलं तरी अंगावर धावून जायचीस. गेल्या दिवाळीला परात भिरकावलीस, भर पंगतीत. गडी म्हणायचे, मालनबाईंच्या बहिणीच्या अंगात येतं. मी हसण्यावारी न्यायचे. खानावळ चालवायची तर हसावं लागतं. मग पाळी आली की दुसऱ्या दिवशी गरीब गाय. म्हणायचीस, अक्का, चुकलं माझं. दर महिन्याला तेच.

चौदाव्या वर्षापासून माझ्याकडे चपात्या लाटतेस. भात-मासे गड्यांचे, उरलेल्या शिळ्या चपात्या आपल्या. खानावळीत सगळीकडे हेच चालतं. मीही त्याच खाल्ल्या. मला कुठे काय झालं? मी महिनाभर सारखीच असते.

माझ्या हातचं खाऊन लोकांच्या मुलांनी मिलमध्ये रात्रपाळ्या केल्या. त्या अन्नाने तुला बाधा होते म्हणतेस? पुन्हा असं लिहू नकोस.

मालन

काळाचौकी,
१० ऑक्टोबर १९८३

गुणवंती,

दोन दिवसांत बोचकं बांध आणि एस्टीने ये. काही मिलचे भोंगे वाजायला लागले आहेत. तुझ्या भावजींना घेतलं नाही, पण इतरांना घेतलंय आणि त्यांना दुपारी जेवायला लागतं. एकट्या माझ्याने परात आवरत नाही. मनगट धरलंय.

तुझी अट वाचली. 'येईन, पण गव्हाचं तोंडात घालणार नाही. चपाती नाही, पाव नाही, शिरा नाही. लाटून देईन, खाणार नाही.' अट घालतेस? मला? आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, माझ्या पदराला नाक पुसायचीस. तुला कडेवर घेऊन मी लग्न करून या खोलीत आले. सासू म्हणाली होती, आंदण बरं आणलंय.

पण असू दे. खा बाई तांदळाची भाकरी. रेशनवर गहू ढिगाने आहे आणि तांदूळ बघायला मिळत नाही, तरी तुझ्यासाठी आणेन कुठून तरी. तू चपात्या लाटत बसलीस की तुझी भाकरी मीच थापून देईन. म्हणजे तुला वेगळा वेळ नको आणि मला तुझी कटकट नको.

तिथे दीड वर्ष तुला बरं होतं, मावशीशी एकदाही भांडली नाहीस, हे मावशीने मला तीनदा लिहून कळवलं. खरं असेल तर इथेही दिसेल. नसेल तरी दिसेल.

मालन

काळाचौकी,
२६ मार्च १९८४

गुणवंती,

गिरगावातला तुझा पत्ता मला मासळीवाल्या रखमाकडून मिळाला. पाठच्या बहिणीचा पत्ता शीव कोळीवाड्याच्या कोळणीने मला द्यावा, वा रे वा! तिची पाटी खानावळीत उतरते ती बोंबलासाठी की तुझे निरोप पोचवायला, ते एकदा तिला विचारणार आहे.

शेजारणींना सांगते, गुणवंती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नोकरीला लागली. खोटं नाही. तिथेच पुड्या बांधतेस, तिथेच माळ्यावर निजतेस म्हणे. फक्त हे सांगत नाही, की त्या रविवारी तुला बघायला आलेल्या कमलाबाईंच्या अंगावर पोह्यांची बशी फेकलीस आणि त्याच पावली पिशवीत चार कपडे कोंबून निघालीस.

आता माझं काय चुकलं ते सांग. जगदीश आपल्याकडे जेवणारा मुलगा. संपात मिल सुटली, गोदीत चिकटला, तरी काळाचौकीपर्यंत चालत यायचा जेवायला. कोणाच्या हातचं वाढलेलं त्याला गोड लागायचं ते मला दिसत नव्हतं का? मी काही बोलले? उलट त्याच्या आईला, कमलाबाईंना, मीच निरोप धाडला, या, मुलगी बघा.

तू म्हणालीस, 'अक्का, पुढच्या रविवारी बोलव, हा माझा वाईट आठवडा. या दोन महिन्यांत मला पुन्हा कसंतरी व्हायला लागलंय, का ते कळत नाही.' मी म्हटलं, तूच म्हणतेस ना गहू सोडला आणि बरी झाले? मग वाईट आठवडा उरला कुठे?

कमलाबाई रितीप्रमाणे हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. त्यांच्यात मुलगी पसंत पडली की सासू आपल्या हाताने भरते. म्हणजे पसंत होतीस, एवढं तरी ध्यानात घे. तुझे हात मी सकाळीच पाहिले होते, अंगठ्याच्या बुडाशी सुजून पाव झाले होते. बांगडी जाईना. त्या म्हणाल्या, 'हात अगदीच राकट आहे हो.' खोटं काय बोलल्या? परात मळणारा हात तो. दाबून चढवायला गेल्या, बांगडी फुटली, रक्त आलं. दुसरी कोणी असती तर पदराने पुसून हसली असती. तू आधी रडलीस. मग ओरडायला लागलीस, खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. मग बशी. त्यांच्या कपाळाला खोक पडली.

जगदीश दारात उभा होता. त्याचं तोंड तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

उतरताना कमलाबाईंनी मला जिन्यात विचारलं, 'हिला नेहमी असं होतं?' आता मी काय खोटं बोलू? म्हटलं, नाही हो, महिन्यातून एकदाच.

झालं ते झालं. जगदीशचं लग्न त्यांनी लगेच दुसरीकडे ठरवलं, डिलाईल रोडची मुलगी आहे. तेव्हा तिकडे बघत बसू नकोस. परत ये. रागावणार नाही. खानावळीत तुझ्याबद्दल कोणी बोललं तर मी बघून घेईन. पीठ मळायला माणूस नाही आणि जेवणारे रोज विचारतात, चपातीला काय झालं.

मालन

काळाचौकी,
२ ऑगस्ट १९८४

गुणवंती,

रखमाने तुला सांगितलं तर. सांगू दे. तिच्याकडून मासळी घेणं मी बंद केलं. फार डोळे फिरतात मेलीचे दुसऱ्याच्या परातीत.

हो. घातली कणीक. तुझ्या भाकरीच्या उकडीत मीच घातली. तांदळाची भाकरी कडेला फाटते, चिमूटभर कणीक घातली की गोल उतरते, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. पहिल्यांदा तेवढ्यासाठीच घातली. खरं सांगते. पण घातल्यावर वाटलं, चला, आता बघूच हिची थेरं.

त्या महिन्यात तुला काहीच झालं नाही. हसत होतीस, जगदीशच्या ताटात हळूच माशाची जास्तीची तुकडी सरकवत होतीस. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, सापडली. सगळं ढोंग आहे. सगळ्यांपुढे सांगणार होते. पण वाटलं, अजून एकदा करून बघू, म्हणजे तोंड वर काढायला जागा नको.

पुढच्या महिन्यात चिमटीची मूठ केली. आणि रोज. मग तुझं सुरू झालं. हात सुजले, रात्र रात्र जागी, न्हाणीत जाऊन रडायचीस, मी विचारलं तर म्हणायचीस, 'अक्का, मी तर काहीच खाल्लं नाही गं, मग का?' माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून म्हणायचीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि दुसऱ्या दिवशी कमलाबाईंना निरोप धाडला.

तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते तू सविस्तर लिहिलंस. गव्हात ग्लूटेन म्हणून काहीतरी चिकट असतं, काही माणसांना ते सोसत नाही. पण पाळीच्या आधीच्या त्रासाशी त्याचा संबंध आहेच असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, तुझ्याबाबतीत असेल कदाचित, सोडून बरं वाटतंय तर सोड. बस्स? एवढ्यासाठी गिरगाव गाठलंस? कदाचित म्हणे. असेल बाई कदाचित. मला पाहिजे होतं तेवढं मला कळलं.

का केलंस, विचारतेस. लग्न झालं असतं तर तू गेली असतीस, म्हणून. एवढंही कळू नये? मला पोर झालं नाही. तुझ्या भावजींचं म्हणशील तर ते आता कोणाशी बोलतही नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. तू गेलीस की या दहा बाय बाराच्या खोलीत मी, तो धूर आणि पिठाचा डबा. जगदीश आला की तुझा चेहरा असा फुलायचा. माझ्याकडे बघून कधी नाही फुललीस. मी तुला वाढवलं, आणि तो चार घास जेवला काय, तुझा झाला काय!

मला तुझा राग येतो आणि मला तू इथे हवीस. दोन्ही आहे. माफीबिफी मागणार नाही, वाट बघू नकोस.

परत आलीस तर तुझी भाकरी तूच थाप.

मालन

काळाचौकी,
१२ जानेवारी १९८६

माझी गुणवंती,

दीड वर्षात तुझं एक अक्षर नाही. आज पोस्टमनने कार्ड दिलं आणि वाचता वाचता स्टोव्हवरची आमटी करपली. करपू दे.

तुझं लग्न ठरलं! रामचंद्र छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो, दवाखान्याच्या समोरच्या चाळीत राहतो, आईचा एकुलता एक, आईचं नाव शेवंताबाई. सगळं दोनदा वाचलं. आणि शेवटी लिहिलंस, 'अक्का, मागचं मी सोडून दिलं. आईच्या जागी तूच आहेस. ओटी तुझ्याच हातची हवी, तू आलीस नाही तर मला कोणीच नाही.' रडले गं. खरंच रडले, पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि भोवती चष्म्यासारखं पांढरं झालं, गडी हसायला लागले.

तू लहानपणापासून अशीच. किती मारलं तरी संध्याकाळी माझ्याच कुशीत शिरायचीस.

दवाखान्यात स्वतःच्या हातचं खाऊन तुला बरं असतं, दोन वर्षांत एकदाही तसं झालं नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. रामचंद्रला सगळं ठाऊक आहे आणि तो समजून आहे, हेही बरं झालं. सासूबाईंना मात्र इतक्यात सांगायचं नाही म्हणतेस. रोगी मुलगी म्हणतील, हातचा मुलगा गेला म्हणतील, म्हणून हळूहळू, घरात रुळल्यावर. शहाणी आहेस. मला शपथ घातलीस ते बरं केलंस. त्यांना तुझ्या गव्हाबद्दल किंवा अंगात येण्याबद्दल माझ्या तोंडून काही कळायचं नाही. आईची शपथ.

ओटीला नारळ, खण, हिरवा चुडा मी आणते. तांदूळही मीच आणते, चांगला, गावचा. तू फक्त हात मोकळे ठेव. या खेपेला बांगड्या मी स्वतः भरेन, कोणाला दाबू देणार नाही.

चपात्यांना एक बाई ठेवलीय. कामाला वाघ आहे, पण हात तुझा नाही. असो. लग्नात अशी गोष्ट काढू नये.

तुझी अक्का

काळाचौकी,
२० फेब्रुवारी १९८६

शेवंताबाई,

लग्नाच्या गडबडीत आपलं नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे चार शब्द. रागावू नका. मुलीकडच्या माणसाने पहिल्या महिन्यातच पत्र धाडणं बरं दिसत नाही, पण मी तिची बहीण नाही, आईच आहे. तुम्ही बाईमाणूस, समजून घ्याल.

गुणवंती मायाळू आहे. कामाला कधी नाही म्हणणार नाही. रामचंद्ररावांवर जीव टाकते, ते तुम्हाला दिसतच असेल. मला बघायला मिळालं, डोळे निवले.

फक्त एक काळजी आहे. पोर अशक्त आहे. विशेषतः पाळीच्या आधीचा आठवडा तिला फार थकवा येतो. आमच्या घरी तेव्हा मी तिला गव्हाचंच देत असे. सकाळी शिरा, दोन्ही वेळेला मऊ चपात्या, जमलं तर गव्हाची खीर. त्याने अंगात ताकद राहते. तुमच्या घरी भात-भाकरीचीच सवय असेल, तर एवढं तिच्यासाठी करा.

ती नको म्हणेल. पहिल्यापासून लाजरी आहे, सासरी आपल्यासाठी वेगळं काही केलेलं तिला आवडणार नाही. काहीबाही कारणं सांगेल, रामचंद्ररावांनाही पुढे करेल. तुम्ही आग्रह करू नका, भांडणही नको. तांदळाच्या भाकरीच्या उकडीत कणीक मिसळा. निम्मी घातली तरी चवीला कळत नाही, उलट भाकरी छान गोल उतरते. मी तसंच करत असे आणि तिला सांगत नसे. तुम्हीही सांगू नका. आपण दोघी आया, आपल्यात राहू दे.

पहिल्या महिन्यात काही फरक दिसला नाही तरी सोडू नका. रोज घाला.

तुम्हाला एवढा त्रास देते आहे, पण या जगात मला तिच्याशिवाय कोणी नाही. तिच्या भावजींना जाऊन आता दोन आठवडे झाले. तिला मी अजून कळवलेलं नाही. नव्या नवरीला सुतक कशाला? तुम्हीही बोलू नका. खोलीत मी एकटीच असते, जागा भरपूर आहे.

आणि देव करो असं होऊ नये, पण कधी तिचं डोकं फिरलं, हातातलं भिरकावलं, तुम्हाला किंवा रामचंद्ररावांना काही वेडंवाकडं बोलली, चारचौघांत तुमची मान खाली गेली, तर मनाला लावून घेऊ नका आणि तिला मारूबिरू नका. पोरका जीव आहे. मला एक कार्ड टाका. मी त्याच दिवशी येऊन तिला घेऊन जाईन.

तुमची,
मालन